गाडी माझ्या नावावर, पण कुणासाठी? : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : दिव्यांगांच्या वाहन सवलतीचा गैरवापर आणि खऱ्या लाभार्थ्यांची परवड.

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

गेल्या भाऊबीजेला आमच्याकडे एक लांबचे नातेवाईक आले होते. फराळ झाला, चहा झाला, मग त्यांनी हळूच विषय काढला. त्यांना नवी गाडी घ्यायची होती, आणि मी दिव्यांग आहे. "ताई, गाडी तुझ्या नावावर घेऊ या. ते हाताचं लिव्हर बसवून पासिंग करून घेऊ, नंतर काढून टाकू. रोड टॅक्स वाचेल, हायवेचा टोल वाचेल. तुझ्याही हातावर पाच-दहा हजार ठेवतो." मी नाही म्हटलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. निघताना दारात चपला घालता घालता म्हणाले, "सरकारचं जातंय, तुझं काय जातंय?"

त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. ते आज आपल्यापुढे मांडते आहे, कारण ते ऐकायला हवं अशांपैकी आपण एक आहात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. उजव्या पायाला कमरेपासून टाचेपर्यंत कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा सांगाडा, आहे. नोकरीची पहिली अकरा वर्षं मी एसटीने ये-जा केली. भाड्यात ७५ टक्के सवलत होती आणि तिच्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण एसटीची पहिली पायरी माझ्या गुडघ्याला लागते. कॅलिपरचं कुलूप उभं राहताना अडकवावं लागतं आणि बसताना सोडावं लागतं. चढताना ते अडकवलेलंच असतं, म्हणजे पाय लाकडासारखा ताठ. एका हाताने दांडा धरायचा, दुसऱ्या हाताने पाय उचलून पायरीवर ठेवायचा आणि पर्स दातात. पावसाळ्यात त्या पायरीवर चिखल असायचा. दोनदा पडले. दुसऱ्यांदा मनगट मोडलं.

२०१९ मध्ये कर्ज काढून छोटी ऑटोमॅटिक गाडी घेतली. स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला एक लिव्हर बसवलं : पुढे ढकललं की ब्रेक, मागे ओढलं की रेस. त्यासाठी दिल्लीहून अवजड उद्योग मंत्रालयाचं प्रमाणपत्र आणावं लागलं. किमान ४० टक्के अस्थिव्यंग, गाडी चार मीटरच्या आत, पेट्रोल असेल तर इंजिन १२०० सीसीच्या आत, आणि पाच वर्षं गाडी विकणार नाही असं हमीपत्र. शोरूमवाल्याने आधी सरळ सांगितलं, "हे लफडं आम्ही करत नाही." तीन महिन्यांनी केलं. आरसी हातात आली तेव्हा वाहनप्रकाराच्या रकान्यात छापलं होतं, 'इनव्हॅलिड कॅरेज', म्हणजे दिव्यांगाचं वाहन. मुलीने विचारलं, "आई, इनव्हॅलिड म्हणजे रद्द ना?"

तरीही ज्या दिवशी मी एकटी, कुणाचाही हात न धरता शाळेच्या फाटकात गाडी लावली, तो दिवस मी विसरणार नाही. घरातून निघून आपल्या वेळेला कामावर पोचणं. इतरांना ते रोज फुकट मिळतं.

आता माझं काय जातं, ते सांगते.

नोंदणीच्या दिवशी मी आरटीओत उन्हात दीड तास उभी होते. प्रमाणपत्र होतं, युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) होतं, कॅलिपर डोळ्यांना दिसत होता. तरी मला आवारात चालून दाखवायला सांगितलं. मग गाडी चालवून दाखवायला. मग पुन्हा चालून, कारण साहेब फोनवर होते आणि पहिल्यांदा त्यांनी पाहिलंच नव्हतं. मी चिडले तेव्हा ते अधिकारी खाली आवाजात म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. तुमच्या लोकांच्या नावावर दुसरेच गाड्या घेतात. आम्ही विश्वास कुणावर ठेवायचा?" त्यांचं खोटं नव्हतं. माझ्या नातेवाइकासारख्या प्रत्येकाची किंमत त्या आवारात उभं राहून आम्ही मोजतो.

आणि तपासणी कशी, तर सगळी दारातच. आत गेल्यावर काहीच नाही. मी पाच वर्षांचं हमीपत्र दिलं. ती पाच वर्षं २०२४ मध्ये संपली. त्या काळात गाडी कोण चालवतंय, लिव्हर जागेवर आहे का, हे पाहायला एकदाही कुणी आलं नाही. मी गाडी दुसऱ्याच आठवड्यात नोटरी करून कुणाला दिली असती, तरी कुणाला कळलं नसतं. पासिंगच्या दिवशी खऱ्या माणसाचा छळ होतो आणि दुसऱ्या दिवसापासून खोट्याला रान मोकळं.

कायद्यात उणीव आहे असं मी म्हणणार नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने 'अनुकूलित वाहन' ही व्याख्या आली. अशी गाडी केवळ त्या दिव्यांग व्यक्तीने किंवा तिच्यासाठीच वापरायची, असं त्यात स्पष्ट आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम ९१ प्रमाणे फसवून लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ऑक्टोबर २०२० पासून नोंदणीच्या अर्जात मालकीचा प्रकार 'दिव्यांगजन' असा लिहिता येतो, जीएसटी सवलत घेतली की नाही हेही त्यात येतं. म्हणजे अशा गाड्या शोधायला कुठे जावं लागत नाही, यादी आपल्याच संगणकात आहे.

मग त्या यादीचा उपयोग करा. गाडीवर बँकेचा बोजा असला की आरसीवर तो दिसतो आणि बँकेच्या एनओसीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. सवलतीचाही तसाच बोजा चढवा. युडीआयडी क्रमांक वाहनाशी जोडा, एका कार्डावर एका वेळी एकच गाडी. आणि वर्षातून एकदा, न सांगता, काही गाड्या घरी किंवा कामाच्या ठिकाणी जाऊन पाहा. २०२५ मध्ये जिल्हा परिषदांत दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची फेरतपासणी झाली. मीही रांगेत उभी राहिले. काही सहकाऱ्यांना तो अपमान वाटला, मला नाही वाटला. खोटे बाहेर पडणार असतील तर मी दहा वेळा पाय दाखवीन. पण जो पाय दाखवतो त्यालाच पुन्हा पुन्हा बोलवायचं आणि ज्याच्या गाडीत दिव्यांग माणूस कधी बसलाच नाही त्याला एकदाही विचारायचं नाही, हे चालू देऊ नका.

एका गोष्टीत मात्र सावध राहा. पुढे कळलं, त्या नातेवाइकांनी गाडी घेतलीच, गावाकडच्या एका चुलतभावाच्या नावावर. त्यालाही पोलिओ आहे. त्याला पाच हजार मिळाले. गाडी शहरात फिरते आणि तो अजून हाताने पेडल मारायच्या तीनचाकी सायकलवर बाजाराला जातो. उद्या कारवाई झाली तर कागदावर नाव कुणाचं? त्याचंच. आरोपी म्हणून त्याला उभं केलं आणि गाडी वापरणारा सुटला, तर तो दुसरा अन्याय होईल. दंड आणि बुडालेला कर गाडी वापरणाऱ्याकडून वसूल व्हावा.

आता सवलतीत उरलंय काय, तेही पाहा. करांआधी ५ लाखांची गाडी धरा. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी इतरांना २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का सेस, म्हणजे ६ लाख ४५ हजार. आम्हाला १८ टक्के, म्हणजे ५ लाख ९० हजार. ५५ हजारांचा फरक होता आणि त्यातून लिव्हरचा खर्च निघायचा. त्या तारखेपासून छोट्या गाड्यांवर सर्वांनाच १८ टक्के झाले. चांगलं झालं, गाडी स्वस्त झाली. पण आमचा दर होता तिथेच राहिला आणि फरक शून्य झाला. आज कितीही महागड्या इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे. दिव्यांगांच्या गाडीत बसवायच्या किटवरही २०२१ मध्ये ५ टक्के केला. ते किट ज्या गाडीत बसवायचं, तिच्यावर मात्र १८. हा विषय जीएसटी परिषदेचा आहे, आपल्या खात्याचा नाही, हे मला ठाऊक आहे. पण परिषदेत महाराष्ट्राची खुर्ची आहे आणि मंत्रिमंडळात आपली आहे. राज्याने तिथे ५ टक्क्यांची मागणी लावून धरावी.

आपल्या हातात आहे तो रोड टॅक्स. १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, म्हणजे वरच्या गाडीला ६५ हजारांच्या आसपास. करात आता खरी सवलत एवढीच, आणि तिच्यावरच डोळा असतो.

त्यातही एक गोष्ट मला झोपू देत नाही. आमच्या कॉलनीत सेरेब्रल पाल्सी असलेला सोळा वर्षांचा मुलगा आहे. वडील त्याला दोन्ही हातांवर उचलून गाडीत बसवतात. आता तो वडिलांच्या खांद्याला लागला आहे आणि वडिलांची कंबर धरली आहे. पेट्रोल परवडत नाही म्हणून सीएनजी गाडी घेतली. डिकी सिलेंडरने भरली, व्हीलचेअर कुठे ठेवणार? ती टपावर दोरीने बांधतात आणि पाऊस आला की वर प्लास्टिक ओढतात. थेरपीला आठवड्यातून तीनदा हा प्रवास. ही गाडी त्या मुलासाठीच घेतलेली आहे. पण गाडीत काही बदल केलेला नाही, म्हणून करमाफी मिळणार नाही असं त्यांना सांगण्यात आलं. हायवेच्या टोलचंही तेच, माफी खास दिव्यांगांसाठी बनवलेल्या वाहनालाच. म्हणजे जो लिव्हर बसवून महिन्याने काढून टाकतो तो पात्र, आणि जो मुलाला रोज उचलतो तो अपात्र. व्याख्येतल्या 'तिच्यासाठी' या शब्दाला काही अर्थ असेल, तर तो या बापासाठी आहे.

ब्रिटनमध्ये १९७७ पासून 'मोटॅबिलिटी' नावाची योजना आहे. तिथे दिव्यांग माणूस आपल्या प्रवासभत्त्यातून गाडी भाड्याने घेतो, बहुधा तीन वर्षांसाठी, विमा आणि दुरुस्ती त्यातच. स्वतःला चालवता येत नसेल तर नेमून दिलेला दुसरा माणूस चालवतो. आरडाओरडा तिथेही झाला, करदात्यांच्या जोरावर आलिशान गाड्या फिरतात म्हणून, आणि २०२५ च्या अखेरीस महागडे ब्रँड योजनेतून काढले. आपल्याकडे तशी योजना लगेच येईल असं मी म्हणत नाही. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. गाडी भाड्याची असल्याने ती परस्पर विकता येत नाही आणि ठरलेल्या मुदतीने परत जाते.

आपल्याकडे मला सर्वांत सोपं वाटतं ते असं, की पैसा गाडीतल्या बदलासाठी द्या. लिव्हर, फिरून बाहेर येणारी सीट, व्हीलचेअरसाठी उतार यांचा ज्याला पाय आहेत त्याला काही उपयोग नाही. त्यासाठी कुणी चुलतभावाचं नाव उसनं घेणार नाही. निधीही आहे. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेला स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी ठेवावी लागते. त्यातून मान्यताप्राप्त किटचा खर्च द्यायला अडचण नसावी, आणि अशा किटची चाचणी करणारी संस्था आपल्या पुण्यातच आहे. वाहनांत असे बदल करण्यासाठी शासनाने योजना आखाव्यात असं दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४१ सांगतं. कायद्याला आता दहा वर्षं होत आली.

हेही कबूल करते की गाडी घेऊ शकणारे आम्ही थोडेच. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले गेले. त्यांतल्या बहुतेकांच्या दारात गाडी कधीच येणार नाही. चोरीला जाणारा हा कर वाचला तर एसटीची ती पहिली पायरी खाली आणा. एसटीही आपल्याच खात्याकडे आहे.

तपासणीची सुरुवात माझ्या गाडीपासून केलीत तरी चालेल. कळवून यायची गरज नाही. शाळा सुटेपर्यंत ती फाटकाशी चिंचेखाली उभी असते. लिव्हर जागेवर आहे, त्याची रबरी मूठ तेवढी झिजली आहे.

आपली विश्वासू,
पश्चिम महाराष्ट्रातील एक शिक्षिका