तहसीलसमोरच्या टायपिंगवाल्या ताईंस

ताई, जय गुरु.

माझं नाव कुठं टाकू नका, मला रोज ह्याच ऑफिससमोर बसायचं आहे, असं तुम्ही म्हणाल्या होत्या. म्हणून टाकत नाही. पण तुम्ही सत्काराला आल्या नाहीत, शालही घेतली नाही, आता निदान पत्र तरी घ्या. चारचौघांत लिहिते आहे, कारण गावात अजूनही लोक सांगतात की दारूचा क्लब बायांच्या मोर्च्यानं हटला. मोर्चा निघाला, घोषणा झाल्या, हे खरं. त्यानं फक्त आमचे घसे बसले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचं गाव वर्धा नदीच्या अलीकडच्या काठाला. पलीकडे वर्धा जिल्हा, गांधीजी-विनोबांचा, तिथं दारूबंदी. पूल ओलांडला की बंदी संपते, त्यामुळे पुलाच्या आमच्या बाजूला गिऱ्हाईक कधी कमी पडत नाही. त्याची आम्हाला सवय होती. पण गेल्या उन्हाळ्यात जुन्या जिनिंगच्या गोडाऊनवर फ्लेक्स लागला: लाउंज, क्लब, शनिवार-रविवार डीजे नाइट. आणि हे गोडाऊन आमच्या लेआऊटला लागून. पहिलं घर कंडक्टरचं, मग दोन मास्तरांची, मग आमचं. समोर जिल्हा परिषदेची शाळा, तिच्या कडेला अंगणवाडी.

उद्घाटनाआधी एका रात्री त्यांनी साउंड लावून पाहिला. साडेअकराला आमच्या मांडणीवरचे स्टीलचे डबे एकमेकांना लागून वाजायला लागले. सासूबाई उठून बसल्या, म्हणाल्या, "भूकंप होऊन राह्यला काय व?" आम्ही 112 ला फोन केला. गाडी आली, आवाज कमी झाला. गाडी गेली, आवाज वाढला. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा वाजवायचा नाही आणि राहत्या वस्तीत रात्रीची मर्यादा 45 डेसिबल, हा नियम 2000 सालापासून आहे, हे मला पुढं तुमच्या दुकानात कळलं.

तुमच्याकडे आलो तेव्हा आमच्या हातात चार पानी अर्ज होता. बचत गटातल्या सगळ्यांनी मिळून लिहिलेला, प्रत्येकीचं एक एक वाक्य. तुम्ही झेरॉक्स मशीनवर कोपर टेकवून तो वाचला आणि लाल पेन काढला. संस्कृती गेली, आया-बहिणी गेल्या, मालकाला दिलेले शिव्याशाप गेले. शेवटी पाऊण पान उरलं. मला राग आला होता, आता सांगते. बाहेर येऊन मी म्हटलं, "हिले काय कळते आमचं दुःख." मग तुम्ही विचारलं, गट नंबर काय? जागा अकृषक आहे का? कशासाठी झाली? आम्ही सात जणी, एकीलाही सांगता आलं नाही.

त्या दिवशी तुम्ही एक गोष्ट फार नीट समजावली. आम्हाला वाटत होतं, उघडू दे एकदा, मग बाटली आडवी करू, म्हणजे बायांच्या मतदानानं बंद पाडू. तुम्ही म्हणाल्या, आधी हिशोब ऐका. पंचवीस टक्के बायांच्या सह्या जमवायच्या, त्या तपासल्या जाणार, मग गुप्त मतदान. आणि आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं लागतात ती आलेल्या बायांमधून मोजत नाहीत, यादीतल्या एकूण बायांमधून मोजतात. म्हणजे जी पुण्याला पोरीच्या बाळंतपणाला गेली, जी ऊसतोडीला गेली, ती घरी नसूनही उभ्या बाटलीच्याच कामी येते. "उघडलेलं बंद करणं फार जड जाते. उघडायच्या आधी अडवा." हे वाक्य मी घरी येऊन कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलं.

शाळेपासून 75 मीटरच्या आत परवाना मिळत नाही, म्हणून आम्ही त्याच भरवशावर होतो. मास्तरांनी खेळाच्या मैदानाचा टेप आणला, शाळेच्या फाटकापासून गोडाऊनच्या दारापर्यंत 61 मीटर भरले. आम्ही तिथंच टाळ्या वाजवल्या. आठ दिवसांत त्यांनी पुढचं दार विटांनी बुजवलं आणि नाल्याच्या बाजूनं नवीन फाटक काढलं. माणूस चालत जातो त्या वाटेनं अंतर मोजतात, कावळा उडतो तसं नाही, हे त्यांच्या माणसाला आमच्याआधी ठाऊक होतं. नव्या वाटेनं अंतर भरलं 92. त्या संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला तर तुम्ही एवढंच म्हणाल्या, "माहिती अधिकाराचं काय झालं? पोच आहे ना?"

पोच होती. ती तुमच्यामुळंच होती. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दीडशे शब्दांच्या आत अर्ज, एकच विषय: क्लबच्या अर्जाला जोडलेल्या कागदांच्या प्रती. आवक शाखेत साहेब जेवायला गेलेत म्हणून सांगितलं तर बाकावर बसून राहायचं, शिक्का आणि तारीख पडल्याशिवाय उठायचं नाही. आमच्या कंडक्टरीणबाई दोन तास बसल्या होत्या. सोबत ज्वारीची भाकर नेली होती, तिथंच खाल्ली.

एकोणतिसाव्या दिवशी पाकीट आलं. आत ग्रामसभेचा ना हरकत ठराव. ज्या तारखेचा ठराव, त्या तारखेला गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब झाली होती, हे अर्ध्या गावाला आठवत होतं. पण आठवणीला कोण विचारतो. तुम्ही सह्यांची यादी टेबलावर पसरली आणि म्हणाल्या, एकेक नाव वाचा, घाई करू नका. तेविसाव्या नावाशी मी थांबले. माझ्या सासूबाईंचं नाव, आणि पुढं वळणदार सही, शेवटी खाली एक रेघसुद्धा ओढलेली. ताई, आमच्या सासूबाई आजवर अंगठाच देत आल्या आहेत. घरी जाऊन दाखवलं तर कागद उलटसुलट करून म्हणाल्या, "मी कवा शिकली व बाई?"

ती यादी कोणी बनवली याची चौकशी चालू आहे, त्यावर मी इथं बोलत नाही.

पंधरा ऑगस्टच्या सभेआधी महिलांची सभा झाली. निंदणाचे दिवस, बायांनी अर्ध्या दिवसाची मजुरी सोडली. आल्यावर तुमच्या सांगण्याप्रमाणे आधी डोकी मोजली, मग विरोधाचा ठराव मोठ्यानं वाचून घेतला, आणि शेवटच्या ओळीला चिकटूनच सह्या केल्या. मधे बोटभर जागा ठेवली नाही. कोणी म्हणालं, "एवढा अविश्वास?" आम्ही काही बोललो नाही.

पोळा झाल्यावर जिल्ह्याला सुनावणी होती. त्यांच्या वकिलांनी 92 मीटरचा नकाशा मांडला, चांगला रंगीत होता. मग सासूबाईंना पुढं बोलावलं आणि सही करायला पेन दिला. त्यांनी पेन हातात घेतला, इकडं तिकडं पाहिलं आणि विचारलं, "शाई कुठी आहे जी?" साहेब हसले नाहीत. शिपायाला स्टॅम्प पॅड आणायला सांगितलं. दिवाळीच्या आधी अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र आलं.

सगळं गोड झालं असं मात्र लिहिणार नाही. क्लबमध्ये गावच्या दहा-बारा पोरांना काम कबूल केलं होतं. माझ्या दिराला गेटवर वॉचमन ठेवणार होते. सोयाबीनच्या भावात घर चालत नाही, त्याचं म्हणणं मला खोटं ठरवता येत नाही. तीन महिने तो माझ्याशी बोलला नाही. आता बोलतो, पण आमच्याकडे चहा घेत नाही. गोडाऊनमध्ये सध्या एका व्यापाऱ्यानं सोयाबीन भरलं आहे, तिथं दोघांना हमाली मिळाली, बाकीचे पूर्वीसारखेच चौकात बसतात. संध्याकाळी तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होते तेव्हा त्यांच्यातले दोघं-तिघं मागं येऊन उभे राहतात, दीर त्यात नसतो.

तुमच्या वहीत आमच्या नावावर झेरॉक्स-टायपिंगचे 640 रुपये होते. मी द्यायला आले तर तुम्ही त्या ओळीवर आडवी रेघ मारली. म्हणून काल एका पोराच्या हाती पायलीभर तुरीची डाळ पाठवली आहे, घरच्या जात्यावरची. बाजूच्या पानठेल्यावर ठेवली असेल. पिशवी परत पाठवायची गरज नाही.

आणि एक. सोमवारी पुलाजवळच्या गावातल्या चार बाया तुमच्याकडे येतील. तिथंही तसाच फ्लेक्स लागला आहे. तुम्हाला न विचारता मीच पत्ता दिला, राग मानू नका. त्यांचा अर्ज मी वाचला, सहा पानांचा आहे. लाल पेनात शाई आहे का तेवढं बघून ठेवा.