जोते तपासले जाते, मग कठडा का नाही?

महोदय,

बांधकामावरून पडून मजूर मरण पावल्याची बातमी वृत्तपत्रांत आतल्या पानावर चार ओळींत येते आणि तिच्या शेवटी ‘हेल्मेट व सेफ्टी बेल्ट न पुरविल्याबद्दल ठेकेदारावर गुन्हा दाखल’ हे वाक्य बहुधा असते. पुण्यात तीस वर्षे साईट इंजिनिअर म्हणून काम करून निवृत्त झाल्यावर मला या वाक्याविषयीच लिहावेसे वाटते. हेल्मेट हवेच, त्याबद्दल वाद नाही. वरून पडणाऱ्या विटेपासून ते डोके वाचवते. पण सातव्या मजल्यावरून खाली जाणाऱ्या माणसाला ते वाचवत नाही. त्याला वाचवतो स्लॅबच्या कडेचा कठडा, डक्टवरचे (मजल्यांमधून वर-खाली जाणाऱ्या उभ्या पोकळीवरचे) पक्के झाकण आणि परांचीखालची जाळी. या तिन्ही गोष्टी मजुराने अंगावर घालायच्या नसतात, त्या कामाआधी बांधून तयार ठेवायच्या असतात.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतला एक अपघात सांगतो. चौथ्या मजल्यावर लिफ्टच्या डक्टवर प्लायचा एक तुकडा नुसता टाकून ठेवला होता. त्याला खिळे नव्हते, की त्यावर खडूची साधी फुलीही नव्हती. सेंट्रिंगच्या (काँक्रीटसाठी साचा बांधणाऱ्या) टोळीतल्या एका तरुण बिगाऱ्याला मुकादमाने प्लाय आणायला सांगितले. त्याने तोच तुकडा दोन्ही हातांनी उचलला, छातीशी उभा धरला आणि एक पाऊल पुढे टाकले. समोर प्लाय असल्यामुळे पायाखालचे भोक त्याला दिसलेच नाही. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होते. त्या प्लायला चार खिळे ठोकायला पाच मिनिटेही लागली नसती आणि ते ठोकून घेणे माझे काम होते, हे मी आजपर्यंत विसरलेलो नाही.

बेल्टचेही तेच. बेल्ट अंगावर असतो, पण त्याचा हुक मोकळा लोंबत असतो, कारण तो अडकवायला पक्क्या ठिकाणी बांधलेला आडवा दोर कोणी लावलेलाच नसतो. मग गवंडी तो परांचीच्या बांबूलाच अडकवतो आणि परांची कोसळली, तर तिच्याबरोबर खाली येतो. अशा वेळी ‘मजूर बेल्ट लावत नाहीत’ ही तक्रार मला अन्यायाची वाटते.

कायदा नाही, असे मुळीच नाही. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी १९९६ सालीच केंद्राचा कायदा झाला. पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या ठिकाणी सुरक्षा समिती आणि सुरक्षा अधिकारी, पन्नासपेक्षा जास्त स्त्रिया कामावर असतील तर पाळणाघर, अपघाताची सूचना देण्याचे बंधन, हे सारे त्यात होते. नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली आहे. पण शहरातील बहुतेक अपघात ज्या पाच-सात मजली इमारतींवर होतात, तेथे एका वेळी चाळीस-पन्नास माणसे असतात. त्यांना १९९६ च्या कायद्यातील समितीची तरतूद कधी लागूच झाली नाही आणि कामगार विभागाचे निरीक्षक अशा प्रत्येक साईटवर पोहोचणे शक्यच नाही.

महापालिकेची गोष्ट वेगळी आहे. तिच्या परवानगीशिवाय काम सुरू होत नाही. काम जोत्यापर्यंत, म्हणजे पायावरच्या चौथऱ्यापर्यंत, आले की जोते मंजूर नकाशाप्रमाणे आहे का, हे तपासले जाते आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्रही तीच देते. बांधकाम खर्चाच्या १ टक्का कामगार कल्याण उपकरही परवानगीच्या वेळी तिच्याकडे भरला जातो. सामासिक अंतरात (इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत) फूटभर फरक पडला तर काम अडवण्याचा अधिकार असलेल्या यंत्रणेने, कडेला कठडा नाही म्हणून पुढचा स्लॅब अडवावा, एवढीच माझी मागणी आहे. प्रत्येक स्लॅबपूर्वी कठडा, डक्टची झाकणे आणि जाळी यांची तारीख-वेळेसह छायाचित्रे वास्तुविशारद व स्ट्रक्चरल इंजिनिअर यांच्या सहीने सादर करणे सक्तीचे करावे. खोटी सही आढळल्यास संबंधिताचा परवाना निलंबित व्हावा.

लेबर कॅम्पचा, म्हणजे साईटवरच्या मजुरांच्या तात्पुरत्या वस्तीचा, विषय याहून तातडीचा आहे. २९ जून २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर कोंढव्यात सोसायटीची सीमाभिंत लगतच्या मजुरांच्या पत्र्याच्या शेडवर कोसळून १५ जण मृत्युमुखी पडले. त्यांत लहान मुलेही होती. आठवडा उलटण्याआधीच आंबेगावात तसेच घडून सहा जण गेले. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये भोसरीत मजूर वसाहतीतील पाण्याची टाकी फुटून पाच जणांचा बळी गेला. यांपैकी कोंढवा आणि आंबेगावचे मजूर रात्री झोपडीत असताना गेले. हेल्मेट-बेल्टचा तेथे प्रश्नच नव्हता. शेड भिंतीलगत उभारण्याचे कारण साधे असते: उरलेली जागा खोदाईला, सळया कापायला आणि मालाच्या गाड्यांना लागते. पण पलीकडे भराव असलेल्या भिंतीमागे पावसाचे पाणी साचले, की मातीचा दाब कितीतरी वाढतो, आणि अलीकडे पाया खोदलेला असेल तर भिंतीचा आधारच गेलेला असतो.

म्हणून मृग लागण्यापूर्वी प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाने आपल्या हद्दीतील लेबर कॅम्पची प्रत्यक्ष पाहणी करावी आणि भिंतीच्या उंचीइतक्या अंतरात असलेली प्रत्येक शेड हलवून घ्यावी. आपल्या वार्ताहरांनाही विनंती आहे की, अशा अपघाताची बातमी देताना मजुराने काय घातले नव्हते याबरोबरच, तेथे कठडा होता की नव्हता, हेही लिहावे.

आपला,
एक निवृत्त साईट इंजिनिअर, पुणे