खोकला किती दिवसांचा आहे?

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

रविवारी तू रागाने फोन ठेवलास आणि मी परत लावला नाही. रुसलो नव्हतो. बोलताना तू चार वेळा खोकलीस, आणि फोन ठेवल्यावर माझ्या कानात तुझ्या शब्दांच्या आधी तो खोकलाच राहिला.

जुनी अमेरिकन कॉमिक्स दुरुस्त करून जपणं हे आता तुझं काम, म्हणूनच तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही ती पुस्तकं वाचवली नाहीत, कापलीत." काल माळ्यावरून आर्ची कॉमिक्सचा तो जाड गठ्ठा काढला. लायब्ररीवाले पोतं भरून अंक आणायचे, दहा-दहाचे बांधून द्या म्हणायचे. मी पिना काढायचो, कडेला भोकं पाडून दोऱ्याने शिवायचो, पुठ्ठा चढवायचो आणि तिन्ही बाजूंनी कटिंग मारायचो. आठव्या अंकात त्यातली बेट्टी काहीतरी बोलते आहे, तिचं वाक्य अर्धंच उरलंय. बाकीचं माझ्या मशीनखाली गेलं. पन्नास पोरांच्या हातांतून फिरणारं पुस्तक टिकावं, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. त्या कडेचीही कुणाला किंमत असेल, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तू सांगितलंस, बरं केलंस.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. तो कागद मी ओळखतो. लाकडाच्या लगद्याचा, सगळ्यात स्वस्त. त्यातलं आम्ल त्यालाच आतून खातं. आधी पिवळा, मग तपकिरी, मग घडी उलगडताना पापडासारखा मोडतो. आणि मोडताना जी बारीक भुकटी उडते ती कुठे जाते, मुक्ता? आबांना विचारायला आबा राहिले नाहीत. शेवटची दोन वर्षं ते आडवे झोपले नाहीत. तू लहान होतीस, तुला ते उशांना टेकून बसलेलेच आठवत असतील.

मास्क लाव. लावत असशीलच. पण कपड्याचा नको, एन-९५ लाव. बुरशीचा वास आला तर ते खोकं तिथेच बंद करून वरच्या माणसाला सांग, आपण हात घालू नकोस. हे सगळं तुला दोन वर्षं शिकवलंय, मला कळतं. मी पुन्हा शाळा घ्यायला लागलो, राग मानू नकोस.

आता खोकल्याचं पुरे.

गेल्या महिन्यात सांगत होतीस ते मी दुकानात दोघातिघांना ऐकवलं. १९४७ साली अमेरिकेत सायमन आणि कर्बी या जोडीने 'यंग रोमान्स' हे प्रेमकथांचं कॉमिक काढलं, आणि दोन-तीन वर्षांत तसल्या प्रेमकथांची शंभरावर मासिकं निघाली. दहा सेंटला एक अंक. तो वाचून फेकायचाच असं धरूनच छापलेला. त्यात १९४८ मध्ये गावोगावी शाळांच्या आवारात मुलांकडूनच कॉमिक्स गोळा करून होळ्या केल्या. म्हणजे आगीतून, रद्दीतून आणि त्या कागदाच्या स्वतःच्या आम्लातून जे उरलं, ते तुझ्या टेबलावर येतं. अप्पा बळवंत चौकातल्या बाइंडरच्या पोरीच्या टेबलावर. हे सांगताना माझा आवाज जरा चढला होता, समोरच्या शिंप्याने मान वर करून पाहिलं.

आणि तू फाटलेल्या कडेला गव्हाच्या सत्त्वाची खळ लावतेस म्हणालीस, तेव्हा आई स्वयंपाकघरातून ओरडली, "म्हणजे आपला कुरडईचा चीकच की!" आपण खळीत मोरचूद घालायचो, कसर लागू नये म्हणून. तुमच्याकडे चालत नाही, लक्षात आहे.

ती कॉमिकमधली फॅशनवाली केटी कीन आईला फार आवडली. वाचणाऱ्या मुली आपापले फ्रॉक काढून पाठवायच्या आणि चित्राशेजारी त्यांचं नाव-पत्ता छापून यायचा, हे तिला अजून खरं वाटत नाही. तुला माहीत नसेल, लायब्ररीचे गठ्ठे शिवायला येत तेव्हा ही रात्री आर्चीतल्या व्हेरोनिकाचे फ्रॉक वहीत उतरवून घ्यायची. तुझा पहिल्या दिवाळीचा निळा फ्रॉक, तो मोठ्या कॉलरचा, तिथलाच. वही अजून आहे. तिच्याजवळ मागितली तर देत नाही, "मुक्ता आली की बघेल" म्हणते. तिची चित्रं छापायला पत्ता कुठे होता तिच्याकडे?

चित्रांतल्या बाहुल्या आणि त्यांचे कपडे मुलींनी कात्रीने कापून नेले की त्या अंकाची किंमत उतरते, असं तू म्हणालीस. किंमत उतरो. त्या पोरींनी ते खेळायलाच घेतलं होतं. एवढं एक मात्र मला पटत नाही.

शुभाताई पंधरा तारखेला निघतेय. तिच्याबरोबर ज्येष्ठमध, सितोपलादी आणि आईचे डिंकाचे लाडू पाठवतोय. सितोपलादी मधातून, सकाळ-संध्याकाळ. आणि आठ दिवसांवर खोकला असेल तर डॉक्टरकडे जा, छातीचा फोटो काढून घे. पैशाचा विचार करू नकोस. हे लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

आर्चीचा गठ्ठा मी कालपासून उसवतोय. दोरा एकेक टाका कापून काढतोय, कागद ओढत नाही. तीन अंक सुटे झालेत. त्यांच्यामध्ये कोणता कागद घालून ठेवू, ते रविवारी फोनवर सांग. मी वही-पेन घेऊन बसतो.

तुझा,
बाबा