भाषणापलीकडचा आमदार

तासगाव-कवठेमहांकाळचे आमदार रोहित पाटील यांच्या वाटचालीवरील लेख वाचला. २०२४ मध्ये पंचविसाव्या वर्षी ते विधानसभेत पोहोचले, हे कौतुकास्पदच. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७३ नुसार याहून लहान वयात आमदार होताच येत नाही. मात्र लेखाचा निम्मा भाग वडिलांच्या आठवणी आणि भाषणशैलीची तुलना यांतच खर्ची पडला, हे खटकले. वडील आर. आर. पाटील १९९० मध्ये आमदार होण्याआधी दशकभर सांगली जिल्हा परिषदेत होते. कामातून शिकण्याची ती संधी रोहित यांच्या वाट्याला आलेली नाही. त्यांना सारे सभागृहातच शिकावे लागणार. म्हणून नवख्या आमदाराबाबत विचारायला हवे ते वेगळेच: तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) कोणते विचारले, लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी सूचना, कशावर मांडली, पुरवणी मागण्यांवरील (अर्थसंकल्पाव्यतिरिक्तच्या जादा खर्चावरील) चर्चेत काय बोलले, समितीच्या बैठकांना किती वेळा गेले? (ही कामे चित्रफितींत शोभून दिसत नाहीत, ही त्यांची अडचण!) यातले बरेच काही विधिमंडळाच्या कामकाजात नोंदलेले असते. पुढचा लेख त्या नोंदी चाळून लिहावा आणि त्यात पहिल्यांदा निवडून आलेल्या इतर आमदारांचाही हिशेब असावा, ही विनंती.

– एक वाचक