कोऱ्या फिल्टरबद्दल आभार

आदरणीय सर,

मुळा-मुठेच्या पाण्यातील मायक्रोप्लास्टिकवरचा माझा प्रबंध गेल्या आठवड्यात सादर झाला. ऋणनिर्देशाच्या चार ओळींत जे मावले नाही, ते या पत्रात लिहीत आहे.

आपल्याकडे येण्यापूर्वी एका प्रयोगशाळेने मला अहवाल दिला होता की नमुन्यातील जवळजवळ सगळे कण पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकचे आहेत. मी हरखले होते. पुढे शंका येऊन विचारायला गेले, तेव्हा "नमुना तुमचा, आम्ही फक्त यंत्र चालवतो" असे उत्तर मिळाले. नदीचे पाणी गाळून कण वेगळे करण्यासाठीचा फिल्टर विकणाऱ्यानेही "०.४ मायक्रॉनचा आहे, सगळ्याला चालतो" एवढेच सांगून पावती फाडली होती.

आपण माझ्या नमुन्यांना हातही लावला नाही. पाकिटातला एक न वापरलेला फिल्टर मागून घेतलात, एफटीआयआरखाली, म्हणजे अवरक्त किरणांनी पदार्थ ओळखणाऱ्या यंत्राखाली, ठेवलात आणि पडद्याकडे बोट दाखवलेत. आलेखात १७७० सेमी⁻¹ या तरंगसंख्येच्या आसपास, माझ्या नमुन्यांत दिसलेले कार्बोनिल या रासायनिक गटाचे तेच शिखर होते. नदीत 'सापडलेले' प्लास्टिक माझ्या फिल्टरचेच होते! आपण हसला नाहीत. खुर्ची पुढे सरकवून विचारलेत, "आता सांगा, किती लहान कण ओळखायचे आहेत?" दीड वर्षात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि खरे तर मीही स्वतःला विचारला नव्हता.

त्यानंतरचे सगळे त्या एका प्रश्नातून उलगडत गेले: यंत्राला वीसएक मायक्रॉनखालचे कण नीट ओळखता येत नसतील तर ०.४ मायक्रॉनची छिद्रे गाळाने तुंबवून घेण्यात अर्थ नाही. काचतंतूंचा फिल्टर पाणी भराभर गाळतो, पण अवरक्त किरण शोषतो आणि बारीक तंतू त्याच्या जाळ्यात रुततात. ॲल्युमिनियम ऑक्साइडचा फिल्टर किरणांना वाट देतो, मात्र आलेखातल्या १२५० सेमी⁻¹च्या खालच्या भागावर पाणी सोडावे लागते. तो किती ठिसूळ असतो, हे मी चिमट्याने दोन फिल्टर फोडून शिकले.

चूक दाखवताना समोरच्याला लाजवायचे नाही, हे सौजन्य मला यंत्रांहून दुर्मीळ वाटते. यंत्रे अनुदानातून येतात. सौजन्याची निविदा निघत नाही.

प्रबंधाची प्रत सोबत पाठवत आहे. त्यातला पहिला आलेख त्या कोऱ्या फिल्टरचा आहे.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी