गाई विकायच्या आधी

चि. सौ. वैशाली हिस,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पाचही गाई विकून बाहेरच्या राज्यातून रोज 20 लिटर दूध देणाऱ्या तीन आणायच्या, व्यापारी दुधाचा शब्द देतोय, असं तू फोनवर म्हणालीस. एवढ्या मोठ्या विषयावर फोनवर नीट बोलणं होत नाही, म्हणून लिहून पाठवते. जावईबापूंनाही वाचून दाखव. माझं सांगणं एकच आहे: सध्या एकही गाय विकू नका. तुम्हाला हवंय ते दूध याच गाईंत आहे.

दिवाळीत आले तेव्हा तुझ्या गाई मी नीट बघितल्या. दोघी काळ्याबांड्या आणि तांबडी अंगाने चांगल्या आहेत, कास पोटाला धरून आहे, दुधाची शीर जाड आहे. आपल्या भागातल्या संकरित गाईंमागे कितीतरी वर्षांचं काम आहे. मणिभाई देसाईंनी 1967 साली उरळीकांचनला बायफ ही संस्था काढली आणि कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारात आणलं. राहुरीच्या विद्यापीठाने गीर, जर्सी आणि होल्स्टिन अशा तिन्हींचं रक्त एकत्र करून फुले त्रिवेणी तयार केली. अशा जातीची गाय 8-9 लिटरवर अडकते, तेव्हा तिचं खाणंपिणं किंवा विसावा कुठेतरी कमी पडत असतो. 20 लिटरची गाय त्याच गव्हाणीवर आणून बांधली, तर थोड्याच दिवसांत तीही तिथेच येऊन थांबेल. कर्जाचा हप्ता मात्र थांबणार नाही.

सुरुवात पाण्यापासून कर. दुधात शंभरातले 87 भाग पाणीच असतं. दुभत्या गाईला दिवसाला 60 ते 80 लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. तुमच्याकडे सकाळ-संध्याकाळ बादली दाखवतात आणि गाईने तोंड फिरवलं की झालं. पण गाय एकदम पिऊन साठवत नाही. वैरण खाल्ली की पिते, धार झाली की पिते, दुपारी सावलीतून उठली की पिते. तिच्या मनाने तिला पाण्याशी जाता आलं पाहिजे, म्हणून दावं सोड. गोठ्यामागे चिंचेखालची जागा मोकळी पडलीय, तिला जाळी मारून घ्या. गाईमागे साधारण 200 चौरस फूट धरलं, तर पाच गाईंना 40 बाय 25 फूट पुरतात. एका कडेला हौद बांधा आणि त्याला आतून चुना लावा, शेवाळ धरणार नाही. मुक्त गोठ्याला मोठं शेड लागत नाही, सावली आणि कोरडी जागा लागते. मोकळी गाय निवांत बसून रवंथ करते. एक लिटर दूध व्हायला कासेतून 400-500 लिटर रक्त फिरावं लागतं, आणि गाय बसलेली असते तेव्हा कासेकडे ते जास्त जातं. शिवाय रोज दोनदा शेण काढून तुझी कंबर जाते, तेही वाचेल. हे मला दुधाइतकंच मोलाचं वाटतं.

आता वैरण. माळशिरसला ऊस सगळीकडे, त्यामुळे तोडणीच्या दिवसांत वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, फुकटात मिळतं आणि गाई महिनोन् महिने त्यावरच राहतात. वाढ्याने पोट भरतं, पण त्यातलं ऑक्झॅलेट गाईच्या अंगातला कॅल्शियम धरून बाहेर नेतं. दूध कमी होतं, माज, म्हणजे गाय भरवायची वेळ, लांबतो, विल्यावर गाय खाली बसते ती उठत नाही. वाढं द्यायचंच तर चुन्याच्या निवळीचं पाणी मारून, कुट्टी करून, आणि इतर चाऱ्यात मिसळून थोडंच दे. पोट भरायला मुरघास कर, म्हणजे हिरव्या चाऱ्याची कुट्टी हवाबंद करून आंबवलेली वैरण.

एक एकर मका मुरघासासाठी राखून ठेवा, हे जावईबापूंना तू पटवून दे. एकरात 15 ते 20 टन ओला चारा निघतो. गाईला रोज 15 किलो धरला, तर पाच गाईंना 75 किलो, म्हणजे निम्म्याहून जास्त वर्ष भागतं. कणसातला दाणा दुधातून चिकात आला की कापायचा. कणीस खुडून विकायचं नाही, खरं बळ त्यातच असतं. कुट्टी बोटाच्या पेराएवढी बारीक हवी. मूठभर कुट्टी हातात घट्ट दाबून बघ: पाणी गळलं तर मका अजून ओला आहे, मूठ उघडल्याबरोबर सगळं सुटलं तर जास्त वाळलाय, आणि गोळा हळूहळू मोकळा झाला तर बरोबर. मग बॅगेत थरावर थर घालून तुडवायचा. कोपऱ्यात हवा राहिली की तिथे बुरशी येते, आणि बुरशीचा घास गाभण गाईला कधीही घालायचा नाही. तोंड घट्ट बांधून 45 दिवस हात लावू नका. चांगला झाला की रंग पिवळसर हिरवा आणि वास आंबूस गोड येतो. एकदम सुरू करू नकोस, आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढव. पोटातल्या जिवाणूंना नवी वैरण अंगवळणी पडायला तेवढा वेळ लागतोच.

मुरघासाबरोबर 4-5 किलो लसूणघास आणि 3-4 किलो कडब्याची कुट्टी. पेंडीचा हिशेब सोपा आहे: अंगासाठी दीड किलो, आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो. तुमच्याकडे पाचही गाईंना एकाच मापाने पेंडीची कांडी घालतात. जिचं दूध जास्त तिची उपासमार, आणि आटत आलेली उगाच चरबी धरते. हे माप उद्याच बदल. खनिज मिश्रण 50 ग्रॅम रोज, भाकड काळातही. विल्यानंतर दीड-दोन महिन्यांत गाय दुधाच्या शिखरावर येते. त्या वेळी रोजचं एक लिटर वाढलं, तर पूर्ण वेतात साधारण 200 लिटर वाढतात. म्हणून ते दोन महिने हात आखडू नकोस.

सगळ्यात मोठी गळती माजात आहे, आणि ती दिसत नाही. विल्यावर दोन-तीन महिन्यांत गाय पुन्हा भरवली गेली पाहिजे, म्हणजे साधारण 12 महिन्यांनी वेत येतं. एक माज चुकला की 21 दिवस गेले. असे चार-पाच चुकले की तीन-साडेतीन महिने ती नुसती खात उभी. तुझ्या एका काळीबांडीचं हेच झालंय. पहाटे आणि रात्री निजताना एक फेरी मार. मागून सोट, म्हणजे चिकट स्राव, दिसतोय का, दुसरीवर उड्या घेतेय का, दूध अचानक कमी झालंय का, ते बघ. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरव, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. डॉक्टरांना लिंगनिर्धारित रेतमात्रेचं विचार, शंभरात 90 च्या आसपास कालवडीच होतात. वळू कोणत्या दुधाच्या आईचा, तेही विचार आणि लिहून ठेव. 20 लिटरची गाय अशीच घरात तयार होते, तीही आपल्याच हवेला आणि पाण्याला सरावलेली.

ती कालवड जगवायची तर चीक, म्हणजे विल्यावरचं पहिलं दूध, वेळेवर हवा. सासूबाई म्हणतात, वार (गर्भाची झिल्ली) पडल्याशिवाय वासराला पाजायचं नाही. त्यांनी त्यांच्या सासूकडून तसंच ऐकलंय, त्यांना उलट बोलू नकोस. पण तू पहिल्या तासाभरातच पाज. रोगाशी लढायची ताकद वासराला चिकातूनच मिळते, आणि ती शोषून घ्यायची आतड्याची क्षमता तासातासाने कमी होत जाते. पाजल्याने गाईची वारही लवकर सुटते. सासूबाईंना ते डोळ्यांनी दिसलं की त्याच पुढच्या वेळी आठवण करतील. खरवसाला चीक वासराचं भागल्यावर काढायचा.

धारेचं थोडक्यात सांगते. पान्हा पाच-सात मिनिटंच टिकतो, तेवढ्यात धार पुरी झाली पाहिजे. पान्ह्याचं इंजेक्शन गोठ्यात येऊ देऊ नकोस. धार झाल्यावर चारही सड आयोडीनच्या द्रावणात बुडव आणि लगेच वैरण टाक, म्हणजे गाय अर्धा तास उभी राहील. सडाचं तोंड तोवर उघडं असतं, खाली बसली की दगडीला, म्हणजे कासेच्या सुजेला, आमंत्रण. लाळ्या खुरकूताची लस वर्षातून दोनदा, घटसर्प आणि फऱ्याची पावसाळ्याआधी. 2022 ला लम्पीने केवढं नुकसान केलं ते तू पाहिलंयस, ती लसही चुकवायची नाही.

सगळं एकदम करायला जाऊ नकोस. आधी दावं सोडून पाणी चोवीस तास कर आणि पेंडीचं माप बदल. प्रत्येक गाईचं दोन्ही वेळचं दूध वेगवेगळं मोजून वहीत लिही. आकडा वाढलेला दिसला की घरात मुरघासाचा विषय काढणं तुला सोपं जाईल.

तांबडी शेवटची कधी भरवली, ती तारीख मला कळव. तीन महिने होऊन गेले असतील तर डॉक्टरांकडून तपासून घे. गाभण असली तर विण्याआधी 60 दिवस तिला आटवायची आहे, आणि ती तारीख आत्ताच वहीत टाकायला हवी. जावईबापूंना मका पेरायचा असेल तर आफ्रिकन टॉलचं बी मी इथूनच घेऊन ठेवते, किती लागेल ते विचारून सांग.

सासूबाई-सासऱ्यांना नमस्कार, बाळाला पापा.

तुझी,
आई