मामाच्या नळीतून ताक काहून नाही दिलं

आई, बाबा,

काल दिवसभर आईचा फोन नाही म्हणजे राग आलेला दिसते. गणेशपेठ स्टँडवर बाबा काटोलहून मामाच्या जुलाबासाठी ताकाचा डबा घेऊन उतरले अन् मी तिथंच तोडून बोलली, ते चुकलंच माझं. ताक रात्री ड्युटीवर मीच पिऊन टाकलं, मस्त होतं, पण आयसीयूत व्हेंटिलेटरवर असलेल्या मामाच्या नळीतून ते द्यायचं नव्हतं अन् बाबांनी मेडिकलमधून आणलेल्या त्या प्रोबायोटिकच्या पुड्याही नाही.

बघा, मामाच्या नाकातल्या नळीतून दर दोन तासांनी फीड जाते, अन् मानेत दुसरी नळी आहे, सेंट्रल लाइन, ती सरळ मोठ्या नसेत. ताकात काय अन् पुडीत काय, जिवंत जंतू असतात, पुडी कापली की बारीक भुकटी उडते, ग्लोव्हजला बसते, अन् त्याच हाताने कोणी मानेची नळी धरली तर जंतू थेट रक्तात. यीस्टवाल्या पुड्यांना तर युरोपात सेंट्रल लाइन असलेल्या पेशंटसाठी मनाईच आहे.

आई म्हणते चांगले जंतू आहेत, काय बिघडते. अगं 2021 मध्ये कॅनडा, अमेरिका, सौदी मिळून 44 आयसीयूतल्या 2650 व्हेंटिलेटरवाल्यांवर हेच करून पाहिलं, अर्ध्यांना लॅक्टोबॅसिलस नावाच्या जंतूची कॅप्सूल, अर्ध्यांना तशीच दिसणारी बिनजंतूची. न्यूमोनिया झाला जंतूवाल्यांत 21.9 टक्के लोकांना, दुसऱ्यांत 21.3. म्हणजे फायदा शून्य, वरून तोच लॅक्टोबॅसिलस नको त्या जागी सापडला 15 जणांत, दुसरीकडे फक्त एकात. अन् 2008 चा हॉलंडचा अभ्यास तर अजून वाईट, स्वादुपिंडाला जबर सूज आलेल्या पेशंटना आतड्यातल्या नळीतून जंतू दिले, त्यात 16 टक्के गेले, न दिलेल्यांत 6. काही जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठाच तुटला होता. मामा सध्या बीपी वर धरायच्या औषधावर आहे, म्हणजे त्याच्याही आतड्याला रक्त कमी पडू शकते, म्हणून मी घाबरते.

बाबा, तुम्ही पाठवलेली ओडिशाच्या बाळांना जंतू दिल्याची बातमी खरी आहे हो, 2017 चा अभ्यास आहे तो, साडेचार हजार बाळं, सेप्सिस, म्हणजे अंगभर पसरणारं इन्फेक्शन, खरंच कमी झालं. पण ती खेड्यातली धडधाकट, आईचं दूध पिणारी बाळं होती. मामा 68 चा आहे अन् व्हेंटिलेटरवर.

अन् ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते जुलाब, त्याचं कारण वेगळंच निघालं. परवा मी मामाच्या उशाशी ठेवलेल्या औषधाच्या बाटल्या एकेक उचलून वाचल्या तर दोन सिरपमध्ये सॉर्बिटॉल, नुसती गोडी, पण ती आतड्यात पाणी ओढते. डॉक्टरांना सांगून एक इंजेक्शनवर नेलं, दुसऱ्याची गोळी कुटून सुरू केली, अन् काल चारच्या जागी एकदाच झालं.

बीपीचं औषध सुटलं अन् तरी पातळच राहिलं तर फायबर द्यायचा विचार आहे, म्हणजे जंतू नाही, आतल्या जंतूंचं खाणं. ते गवारीच्या बियांपासूनच काढतात, बाबा, आता हसू नका.

रविवारी डबा नको, मामाचा चष्मा आणा, डोळे उघडले की पहिले पेपर मागेल तो. अन् सकाळच्या एसटीनेच निघा, इथं 45 डिग्री होऊन राहिलं.

तुमची,
छकुली